तपकिरी कोटाची राखणावळ

आमच्या अक्का जगातल्या सगळ्या गोष्टींची किंमत कपड्यांत मोजतात. दातांच्या डॉक्टरांनी फी सांगितली की खुर्चीत पडल्यापडल्या, तोंडात कापूस असताना पुटपुटतात, "सहा ब्लँकेटं." आम्ही नवीन फ्रिज घेतला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "एका हॉटेलचे सगळे पडदे. आतून मात्र लहानच आहे."

त्यामुळे बँकेचं पत्र आलं, की पुढच्या महिन्यापासून चालू खात्यावर दरमहा शुल्क आकारलं जाईल, तेव्हा अक्कांनी ते वाचलं, घडी घातली, घडीवरून सवयीने तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "दोन कोट."

"कसले दोन कोट?" मी विचारलं.

"लोकरीचे. अस्तरासकट. दर महिन्याला मी बँकेचे दोन कोट फुकट धुवायचे. का, तर माझेच पैसे त्यांच्याकडे ठेवते म्हणून."

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, आणि दुकानाच्या वर राहायची खोली. विशीत त्या याच दुकानात इस्त्री करायला लागल्या. पुढे म्हाताऱ्या मालकाचे गुडघे गेले तेव्हा हप्त्याहप्त्याने त्यांनी त्याच्याकडून दुकानच विकत घेतलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगतात, "माणसांचे कपडे मी आतून बघितलेत. लग्न कशाला करू?" हे त्या माझ्या नवऱ्यासमोरही म्हणतात, आणि तो शर्टाची कॉलर चाचपतो.

दुकान नावावर झालं त्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या नावाने चालू खातं उघडलं. तेव्हाचा मॅनेजर म्हणे स्वतः उठून दारापर्यंत आला, चहा मागवला आणि निघताना बँकेचं कॅलेंडर दिलं. ते वर्ष कधीच सरलं, पण त्यातलं डोंगराचं चित्र अक्कांनी कापून काउंटरच्या मागे चिकटवलं. वाफेने आता त्या डोंगराला पोपडे आले आहेत. चेकबुकावर दुकानाचं नाव छापून आलं तेव्हा त्यांनी पहिला चेक कुणाला दिलाच नाही, जपून ठेवला. अशा बाईला बँकेने 'प्रिय ग्राहक' म्हणून पत्र पाठवावं आणि खाली भाडं मागावं, हे म्हणजे घरी बोलावून चपला चोरण्यासारखं होतं.

त्यातून वेळ वाईट. दुकानातला बॉयलर, ज्याच्या वाफेवर सगळ्या इस्त्र्या चालतात, तो मरायला टेकला होता. मेकॅनिकने कान लावून ऐकलं आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगितलं होतं की महिनाभर निघाला तर नशीब. एक वापरलेला पण धडधाकट बॉयलर अक्कांनी ठरवला होता. तो सोमवारी यायचा होता आणि पैसे त्याच दिवशी रोख द्यायचे होते. तो आला नाही तर दुकानाचं शटर खाली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बॉयलरचे पैसे अक्कांनी कोट कोट करून त्याच चालू खात्यात साठवले होते.

आता माझ्याविषयी, कारण गोंधळ मी घातला. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे मला पैसे मिळतात, आणि या धंद्यात माणसाला आपण बिनचूक आहोत असं वाटायला लागतं. अक्का मला 'शहाणीबाई' म्हणतात. पहिली काही वर्षं मला ते कौतुक वाटत होतं.

रविवारी जेवायला अक्का आमच्याकडे असतात. त्या रविवारी ताटं मांडल्याबरोबर विषय निघाला. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ दिसतं असा त्याचा समज आहे.

"अक्का, बंद करून टाक ते खातं," तो म्हणाला. "साधं बचत खातं घे. त्याला काही पडत नाही. नाकापेक्षा मोती जड कशाला?"

"आणि दुकानाचं नाव? ते कुठे लिहू, कपाळावर?"

"नाव दुकानाच्या पाटीवर आहे की."

"पाटी मी रंगवून घेतली. खातं बँकेने दिलं होतं. हात जोडून दिलं होतं."

"हात जोडणारा गेला अक्का. आता यंत्र आहे."

इथे मी बोलायला नको होतं. पण मी कधी बोलायची थांबले आहे? मी चमचा खाली ठेवून भाषण दिलं. की बँक आपल्याच पैशांवर धंदा करते, चालू खात्यावर व्याजाचा कपटासुद्धा देत नाही, आणि वर सांभाळायचे पैसे मागते; की हा दोन कोटांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे; की माणसाने निमूट भरत राहायचं नसतं. "मी येते तुमच्याबरोबर बँकेत," मी म्हणाले.

"हिला नेऊ नकोस," नवरा अक्कांना म्हणाला. "ही पोहण्याच्या क्लबची वर्गणी दर महिन्याला भरते. गेल्या वर्षी एकदा गेली होती."

"पाणी गार होतं," मी म्हणाले.

"एवढ्या वर्गणीत किती स्वेटर येतात ठाऊक आहे का तुला?" अक्का म्हणाल्या. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. अक्कांनी कडक इस्त्रीचं जाकीट घातलं होतं. मी मुद्दे लिहून आणले होते. खिडकीत बसलेली अधिकारी मुलगी अक्कांचीच गिऱ्हाईक निघाली. तिचा राखाडी कोट दर हिवाळ्यात त्यांच्याकडेच येतो.

"अक्का, तुम्ही काळजीच करू नका," ती गोड आवाजात म्हणाली. "खात्यात अमुक एवढी शिल्लक कायम ठेवली तर शुल्क पडतच नाही. तुमच्या खात्यात आज त्याहून जास्त आहे."

"ते पुढच्या सोमवारी बॉयलरला जाणार."

"मग... मग पडेल."

"म्हणजे बघ हं मुली, मला नीट कळू दे. ज्याच्याकडे दहा कोट आहेत त्याचे फुकट धुवायचे, आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याच्याकडून दुप्पट घ्यायचे. असं माझ्या दुकानात केलं असतं तर लोकांनी काचा फोडल्या असत्या."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी लाल झाली, पण डगमगली नाही. "अक्का, इथे पहारेकरी लागतो. दिवे लागतात. यंत्रं बिघडतात, माणसं ठेवावी लागतात. तुमचे पैसे सांभाळायला खर्च येतो ना? आणि तुमच्या दुकानात पाटी आहे. मी दर वेळी वाचते. 'महिन्याच्या आत कपडे न नेल्यास राखणावळ पडेल.'"

पाटी होती. काउंटरच्या वर, डोंगराच्या शेजारी. माझ्या नणंदेला गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण फार वेळ नाही.

"ती भीती घालायला आहे," त्या म्हणाल्या. "आजवर एकाकडून घेतलेली नाही. विचार कुणालाही."

खरंच घेतली नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत शेवटच्या दांडीवर न नेलेले कपडे टांगलेले आहेत. लोक गावं सोडून गेले, जाड झाले, विसरले, मेले; अक्कांनी त्यांचे कपडे फेकले नाहीत की विकले नाहीत.

इथे मला वाटलं आपली वेळ आली. मी मुद्द्यांचा कागद उघडला आणि मुलीला म्हणाले, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे. जागरूक ग्राहक असलं शुल्क कधीच मान्य करणार नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तुमचं खातं पण आमच्याकडेच आहे ना हो? तुमच्याकडून तर आम्ही तीन वर्षं घेतोय. विशेष सुविधा योजनेत."

"कसल्या सुविधा?"

"परदेशात सामान हरवलं तर भरपाई मिळते."

मी परदेशात गेलेली नाही. माझं सामानही कधी हरवलेलं नाही. हरवतो तो फक्त चष्मा, आणि तो घरातच असतो. मी कागदाची घडी घातली. अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण जाकिटाच्या आत त्या हसताहेत हे मला जाकिटावरून कळलं.

मग त्या खिडकीकडे वळल्या. "सगळे काढून दे. रोख. आठवडाभर मीच सांभाळते, फुकट."

"अक्का, इतकी रोख रक्कम घरी..."

"तुझा कोट सांभाळते ना मी?"

मुलीने गड्डी मोजून दिली. कोऱ्या नोटा, भोवती कागदाची पट्टी, पट्टीवर बँकेचा शिक्का आणि तारीख. अक्कांनी ती जाकिटात घातली आणि आम्ही जिंकल्यासारख्या बाहेर पडलो. काय जिंकलो ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ते पैसे अक्कांनी कुठे ठेवले हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मलाही ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी किती अक्कल पाजळली ते तुमच्या लक्षात यायचं नाही. वरच्या खोलीतलं कपाट चोर पहिलं उघडतो, गादी दुसरी. गल्ल्यात दिवसातून पन्नास वेळा हात जातो. पण शेवटच्या दांडीवर एक जाड तपकिरी कोट होता, मोठ्या लाकडी बटणांचा, त्याला आतून खोल खिसा. कितीतरी वर्षं तो न्यायला कुणी आलं नव्हतं. धोब्याचं तर्कशास्त्र असं: जो इतक्या वर्षांत आला नाही, तो नेमका याच आठवड्यात कशाला येईल? अक्कांनी गड्डी त्या खिशात घातली, वरून बटण लावलं आणि निवांत झोपल्या.

शनिवारी बॉयलर प्रत्यक्ष बघायला अक्का माझ्या नवऱ्याला घेऊन गावाबाहेरच्या गोदामात गेल्या. दुकान माझ्यावर सोपवलं. जाताना शटरपाशी थांबून म्हणाल्या, "काही नवं घेऊ नकोस, झालेले कपडे तेवढे दे. आणि लक्षात ठेव, येताना खिसा, जाताना खिसा."

हा त्यांच्या दुकानाचा एकमेव कायदा. कपडा आत येताना खिसे उलटे करून बघायचे, बाहेर जाताना पुन्हा चाचपायचे. लोकांची पत्रं, किल्ल्या, एकदा तर दातांची कवळी, सगळं या कायद्याने परत गेलं आहे.

"मी काय लहान आहे?" मी म्हणाले.

दुपारपर्यंत मी तीन पडदे आणि एक गणवेश दिला. मग तो आला. उंच, जरा वाकलेला, साठी ओलांडलेला माणूस. दारात पाय पुसून आत आला आणि काउंटरवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी ठेवली. आमचीच चिठ्ठी, फक्त नंबर आणि 'कोट' एवढंच लिहिलेली, जुन्या छपाईची.

"मिळेल का, कोण जाणे," तो म्हणाला. "फार दिवस झाले."

"आमच्याकडे काहीही हरवत नाही," मी छाती काढून म्हणाले. आमच्याकडे! मी मागे गेले, दांड्यांवरचे नंबर बघत बघत शेवटच्या दांडीशी पोचले, आणि तोच नंबर लाकडी बटणाला पिनने लावलेला सापडला. मला इतका आनंद झाला की कोट हँगरसकट मिरवत बाहेर आणला.

त्याने बाहीवरून बोट फिरवलं. मी त्या क्षणी खिसे चाचपायला हवे होते. पण मान वर केली तर समोर पाटी. आणि माझ्या डोक्यात आठवडाभर शिजत होती ती बँक, ती मुलगी आणि परदेशातलं सामान. माझ्याकडून तीन वर्षं सगळे घेतात आणि मी एकदाही कुणाकडून घेतलेलं नाही, असं काहीतरी मला वाटलं असावं.

"राखणावळ पडेल हं," मी म्हणाले.

त्याने पाटी वाचली. "बरोबर आहे. किती?"

किती ते मला कुठे माहीत होतं? मी एक आकडा ठोकला. त्याने घासाघीस करावी म्हणून जरा चढाच ठोकला. त्याने पाकीट काढलं आणि मुकाट्याने तेवढे पैसे ठेवले. माझा विरस झाला. एवढी तयारी केली होती. दिवे, जागा, माणसं, लोकरीला लागणारी कसर. तो मागत नसतानाही मी त्याला थोडंसं समजावून सांगितलं, की सांभाळायलाही खर्च येतो. त्याने मान डोलावली, कोट हातावर टाकला, "आभारी आहे" म्हणाला आणि गेला.

अक्का संध्याकाळी आल्या त्या एकदम खुशीत. बॉयलर धडधाकट होता, सोमवारी दुपारी यायचा नक्की झाला होता. माझा नवरा हाताला काळं लावून आला होता, म्हणजे त्यानेही तो तपासला होता.

"अक्का, मी आज इतिहास घडवला," मी म्हणाले आणि काउंटरवर पैसे मांडले. "राखणावळ! पहिल्यांदा कुणीतरी वसूल केली."

"कुणाकडून गं?"

"एक म्हातारेसे गृहस्थ. फार जुनी चिठ्ठी होती. शेवटच्या दांडीवरचा तो तपकिरी कोट नाही का, लाकडी बटणांचा?"

अक्का इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या. मग स्टूल ओढून बसल्या. या बाईला दुकानात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"खिसा बघितलास?"

मी नाही म्हणायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

"काय होतं खिशात?" नवऱ्याने विचारलं.

"बॉयलर," अक्का म्हणाल्या.

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, दांडीवरची रिकामी जागा बघून आल्या आणि चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. नाव नाही, पत्ता नाही. जुन्या मालकाच्या वेळेपासूनची पद्धत: जो चिठ्ठी आणेल त्याचा कोट. "मीच ठेवले होते," त्या म्हणाल्या. "तुझं काय चुकलं? बँकेत राहिले असते तर तुझ्या हातात आले नसते." सांत्वन होतं, पण नीट ऐकलं तर होतं की नव्हतं, सांगता येत नाही.

"आणि वर त्याच्याकडून पैसे घेतलेस," नवरा म्हणाला. "बॉयलर दिलास तो दिलास, बांधून द्यायचेही पैसे घेतलेस."

रविवारी जेवायला कुणाचं मन नव्हतं. मी सकाळीच बाहेर पडले. ठरवलं होतं, गावातला प्रत्येक तपकिरी कोट बघायचा. थंडीचे दिवस, आणि मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की लोक इतके तपकिरी कपडे घालतात. बागेच्या बाकावर एक सापडला, तर तो मळखाऊ हिरवा निघाला. एका कोटाच्या मागे मी तीन रस्ते चालले, बस थांब्यावर गाठला, मागून खांद्याला हात लावला आणि "अहो, खिशात हात घाला!" म्हणून ओरडले. कोट वळला. आत एक भक्कम बाई होत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली आणि मला ज्या नजरेने पाहिलं ती मी आजही विसरले नाही. अक्का आणि नवरा दुसऱ्या बाजूला हिंडत होते. दुकान दिवसभर बंद. रात्री आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी म्हणाले, "माझ्या खात्यातून..." आणि थांबले, कारण माझ्या खात्यात परदेशी सामानाच्या विम्याखेरीज फार काही नव्हतं.

"मी उद्या बॉयलरवाल्याला नाही म्हणून सांगते," अक्का म्हणाल्या. "आहे तो चालेल तितके दिवस चालेल. मग बघू." त्यांनी टेबलावरचा रुमाल घेतला आणि त्याच्या घड्या घालायला लागल्या. लहान, मग आणखी लहान.

सोमवारी सकाळी अक्कांनी शटर वर केलं तेव्हा समोर तपकिरी कोट उभा होता. आत तोच वाकलेला माणूस. लाकडी बटणं वरपर्यंत लावलेली.

"काल आलो होतो," तो म्हणाला. "दोनदा. बंद होतं."

आम्ही गावभर त्याला शोधत होतो आणि तो आमच्या दारात उभा होता. अक्कांनी माझ्याकडे बघून फक्त "शहाणीबाई" एवढंच म्हटलं.

त्याने गड्डी काउंटरवर ठेवली. पट्टीसकट. अक्कांनी हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

"हा कोट माझ्या बायकोने टाकला होता इथे," तो म्हणाला. "मग ती आजारी पडली. ते आजारपण लांबलं, कोटाचं कुणाला सुचतं? गेल्या उन्हाळ्यात ती गेली. परवा तिच्या चष्म्याच्या घरात ती चिठ्ठी सापडली. शनिवारी घरी जाऊन कोट घातला, खिशात हात घातला, तर हे." तो जरा हसला. "तिला सवय होती हो घरखर्चातले बाजूला टाकायची. मला वाटलं तिनेच ठेवलेत. कोट घालून खुर्चीत बसलो आणि तिच्याशी भांडलो. म्हटलं, एवढे साठवलेस आणि मला बोलली नाहीस? संध्याकाळभर भांडलो. बऱ्याच दिवसांनी."

अक्कांनी गड्डीवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"मग दिवा लावला तर पट्टीवरची तारीख दिसली. गेल्या सोमवारची. म्हटलं, ती काही गेल्या सोमवारी बँकेत गेली नसणार."

मी गल्ल्यातून शनिवारचे पैसे काढले आणि त्याच्यापुढे केले. "हे परत घ्या. ती पाटी... आम्ही कधी घेत नाही. माझी चूक झाली."

"का? बरोबर होतं तुमचं."

"नाही, नाही," अक्का म्हणाल्या. "घ्या तुम्ही. आमच्याकडे सांभाळायचे पैसे पडत नाहीत. आम्ही काय बँक आहोत?"

त्याने कोटाची बाही उजेडात धरली. "इतकी वर्षं झाली, एक भोक नाही. कसर कशी लागू दिली नाहीत?"

"डांबरगोळ्या," अक्का म्हणाल्या. "थंडीआधी एकदा, पावसाआधी एकदा. आणि वर्षातून एकदा उन्हं दाखवते सगळ्यांना."

"डांबरगोळ्या फुकट मिळतात?"

अक्का गप्प. आठवड्यात दुसऱ्यांदा, आणि त्याच मुद्द्यावर.

"हा कोट तुम्ही टाकून दिला असता तर मी काय म्हणणार होतो?" तो म्हणाला. "राहू देत ते पैसे. आणि बाई," तो माझ्याकडे वळला, "तुमचे मी दोन दिवस सांभाळले. माझी काही पाटी नाही, म्हणून सोडून देतो."

अक्का इतक्या मोठ्याने हसल्या की डोंगराचा आणखी एक पोपडा पडला. चहा मागवला गेला. त्याने तो कोट न काढताच प्यायला.

दुपारी बॉयलर आला, पैसे दिले, आणि चार माणसांनी मिळून तो आत लोटला तेव्हा माझ्या नवऱ्याने पाचवा असल्यासारखं तोंड केलं. उरलेले थोडे पैसे आणि शनिवारची राखणावळ घेऊन अक्का बँकेत निघाल्या. मी दारातच थांबणार होते, पण त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

"चालू खात्यात भर," त्या खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या.

"अक्का, एवढ्या शिलकीवर शुल्क पडेल पण."

"पडू दे. डांबरगोळ्या फुकट येत नाहीत." मुलीला काही कळलं नाही. "पण एक लिहून घे, तुझ्या साहेबांना सांग. मी पैसे सांभाळायचे देतेय. दहा कोटवाल्याला फुकट आणि मला भाडं, ते मला अजून पटलेलं नाही. त्याच्याकडूनही घ्या, मग मी एक शब्द बोलणार नाही."

"सांगते," मुलगी म्हणाली, आणि मला वाटतं तिने खरंच लिहिलं काहीतरी.

"आणि हे दोन कोट मी माझ्या पदरचे धुणार नाही," अक्का पुढे म्हणाल्या. मुलगी घाबरली. "तुला नाही गं. हिला सांगतेय."

निकाल बँकेच्या खिडकीतच लागला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन लोकरीचे कोट, अस्तरासकट, मी स्वच्छ करून, इस्त्री करून द्यायचे. बँकेचं शुल्क तेवढ्यात सुटतं. मी पोहण्याचा क्लब बंद केला. वेळ नव्हता हे कारण पहिल्यांदाच खरं होतं. विशेष सुविधा योजना मात्र बंद करायला गेले तर तिचं बंद करण्याचं शुल्क आहे असं कळलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

नव्या बॉयलरची वाफ जोरदार आहे. पहिल्या महिन्यात मी एका कोटाची कॉलर चमकवून ठेवली, म्हणजे लोकर जाळायच्या अलीकडे थांबवली. तो राखाडी कोट बँकेतल्या मुलीचा होता. पाटी अक्कांनी उतरवली, पुसली, आणि पुन्हा तिथेच लावली.

"आता घेणार का राखणावळ?" मी विचारलं.

"बघू," अक्का म्हणाल्या. "आधी तू त्या राखाडी कोटाचा खिसा बघ."

मी खिसा बघितला. आत एक वापरलेला रुमाल होता. तो मी धुतला, इस्त्री केला आणि परत ठेवला. फुकट.